न बोलता केलेला अपमान

केरळात १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. गुन्हा काय, तर राष्ट्रगीत म्हटलं नाही. त्यांच्या धर्मश्रद्धेत ते बसत नव्हतं, पण राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदरानं उभी राहत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. म्हणजे गप्प राहण्यालाही घटनेचं संरक्षण मिळालं.

हे आठवलं ते आमच्या बचत गटाच्या बैठकीत. गटातल्या एकीची मुलगी सातवीत आहे. ती खिचडीच्या पंगतीला बसली की तीन-चार मुलं नाक दाबतात आणि सरकून बसतात. कारण जात. एका मुलाचे वडील आम्हालाच विचारतात, “तो काही बोलला का? आणि बोलायचं स्वातंत्र्य आहे ना?”

आहे की! पण केरळातल्या भावंडांनी कुणाला कमी लेखलं नव्हतं. इथं खुणेनं एका पोरीला पंगतीतून उठवलं जातंय. स्वातंत्र्य देणाऱ्या कलम १९ मध्येच त्याच्या मर्यादाही लिहिल्या आहेत, आणि कलम १७ नं अस्पृश्यता कुठल्याही रूपात पाळायला बंदी केली आहे. नाक दाबणं हेही एक रूपच, असं आमचं मत.

आमच्यातल्या काहीजणी तावातावानं म्हणाल्या, छड्या द्या, नाव काढून टाका. तेही चालत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला मारता येत नाही, मानसिक त्रास देता येत नाही, आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होईतो शाळेतून काढताही येत नाही. बरंच आहे. ज्या घरात पाहुण्याची जात बघून चहाचा कप निघतो, त्याच घरी त्याला पाठवून तो काय वेगळं शिकणार?

म्हणून अर्ज दिला. पंगत हजेरीपटाच्या क्रमानं बसवा, गुरुजींनीही तिथंच जेवावं, त्या मुलांच्या आईवडिलांना बोलवा. मुख्याध्यापक म्हणाले, “पोरांचा खेळ आहे.” आम्ही अर्जाची पोच घेतली. (पोच घेतल्याशिवाय निघत जाऊ नका, बायांनो.)

शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे. समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. आमच्या तिघी तिथं आहेत. विषय इतिवृत्तात लिहिलेला वाचूनच त्या सही करणार आहेत.