कोंडवाडा आणि हरवलेले जनावर

नागभीड तालुका धानाचा आणि जंगलाचा. मोकाट जनावर बांधीत शिरले की एकाचे पीक बुडते. तेच रात्री जंगलाकडेला राहिले तर वाघाच्या तोंडी जाते आणि दुसऱ्याची नांगरणी अडते. म्हणून कोंडवाडा केवळ दंडवसुलीचे ठिकाण मानणे चूक होय. गुरांच्या अतिक्रमणाबाबतच्या १८७१ च्या अधिनियमाने वर्णनासह नोंद, चारापाणी, सात दिवसांत धनी न आल्यास पोलीस ठाण्यात सूचना आणि गावात व बाजारात दवंडी अशी रीत घालून दिली. लिलाव त्यानंतर आणखी सात दिवसांनी. आज जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो. तो तुटला, तर शिंगांचे वळण, कपाळावरील चांद, गळ्यातील घाटी यांवरूनच ओळख पटते. ‘गाय एक, पांढरी’ एवढ्या नोंदीवर कोणाची गाय कोणास द्यावयाची?