गाडी पाणी पीत नाही!

(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर डॉक्टर बोलतात, प्राध्यापक बोलतात. मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस. त्यामुळे सेक्रेटरी साहेबांनी विषय विचारला तेव्हा म्हटलं, ज्यात हात काळे केलेत त्याच्यावरच बोलतो. विषय साधा आहे: जुन्या मोटारीच्या रेडिएटरला जोडायची प्लॅस्टिकची बाटली.

आपल्यापैकी जे मुंबईहून इथे आले त्यांना प्रीमियर पद्मिनीची ओळख करून द्यायला नको. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट ११०० तयार होऊ लागली. तीच गाडी सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदवली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची वीस वर्षांची मुदत संपली. आता उरल्यात त्या घरोघरी जपलेल्या गाड्या. माझ्याकडची १९८६ ची आहे, वडिलांनी मिरजेत घेतलेली. या दिवाळीत त्यांना याच गाडीतून मिरजेला न्यायचं ठरलं आहे. सहाशे किलोमीटरहून जास्त रस्ता आणि शेजारी वयस्कर माणूस. त्यामुळे गाडी वाटेत तापली तर काय, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता पुस्तकी नाही.

जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने एक वाक्य ऐकलेलं असतं. आपल्याकडचे मिस्त्री कन्नडमध्ये म्हणतात, "हळे गाडी सार, नीरु कुडियुत्ते." म्हणजे जुनी गाडी आहे साहेब, पाणी पिणारच. मराठी मिस्त्रीही तेच म्हणतो. मला आज एवढंच सांगायचं आहे की गाडी पाणी पीत नाही. पाणी एक तर सांडतं, नाही तर गळतं. या दोन्हीतला फरक ओळखता आला की निम्मी काळजी मिटते, आणि तो फरक ही बाटली दाखवते.

आधी सांडणं समजून घेऊ. पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांवरचं पाणी ९० अंशांवर गेलं की त्याचं आकारमान साधारण सव्वातीन टक्क्यांनी वाढतं. रेडिएटर आणि इंजिन मिळून सहा लिटर पाणी धरलं, तर दोनशे मिलीलिटर जास्त होतं, म्हणजे एक फुलपात्र. कुलंट मिसळलं असेल तर आणखी थोडं जास्त. हे फुलपात्रभर पाणी जाणार कुठे?

रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. स्प्रिंगने दाबलेलं असतं आणि ठराविक दाबाला उचललं जातं. दाबामुळे पाणी उशिरा उकळतं. आपलं बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर. इथे उघड्या भांड्यात पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोचं असेल, तर तेच पाणी १०९ अंशांपर्यंत तग धरतं. म्हणून झाकणाला कमी लेखू नका. सिल्क बोर्डच्या कोंडीत ते बारा अंशच गाडी वाचवतात.

दाब वाढला की झाकण उचलतं आणि जास्तीचं पाणी बारीक नळीतून रस्त्यावर पडतं. गंमत म्हणजे ते बहुतेक वेळा गाडी बंद केल्यावर पडतं. इंजिन थांबलं की पंप आणि पंखा दोन्ही थांबतात, पण लोखंडातली उष्णता पाण्यात येतच राहते. रात्रभरात गाडी निवते, पाणी आकसतं आणि त्याच नळीतून हवा आत शिरते.

हे जुन्या काळच्या कारखानदारांना माहीत होतं. म्हणूनच रेडिएटरच्या वरच्या टाकीत थोडी जागा रिकामी सोडायची पद्धत होती. आपण काय करतो? सकाळी झाकण काढतो, पातळी खाली दिसते, गळ्यापर्यंत भरतो. संध्याकाळी तेवढंच सांडतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरतो आणि म्हणतो, गाडी पाणी पिते!

यात नुकसान तीन प्रकारचं. एक, दर वेळी ताजं पाणी म्हणजे ताजे क्षार. आपल्या भागात बोअरचं पाणी कसं आहे हे घरातल्या गीझरला विचारा. दोन, कुलंट पातळ होत जातं आणि हवेतला प्राणवायू आतल्या बिडाला गंज चढवतो. तिसरं सगळ्यात वाईट. रोज पाणी घालायची सवय लागली की खरी गळती त्या सवयीमागे लपते. पंपाचं सील गेलेलं असतं किंवा हेड गॅस्केट फुंकलेलं असतं आणि आपण बाटली घेऊन पाणी ओततच राहतो. एक दिवस पाणी कमी पडतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि आजच्या दिवसांत त्याचे सुटे भाग शोधत फिरावं लागतं.

माझ्या रेल्वेतल्या सहकाऱ्यांना हे नवीन नाही. वाफेच्या इंजिनात पाण्याची पातळी दाखवायला गेज ग्लास होती. पाणी फारच खाली गेलं तर लेड प्लग वितळून ड्रायव्हरला इशारा मिळत असे. १९६४ पासून वाराणसीत बनलेल्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाला पाण्याची एक्स्पान्शन टाकी होती, पातळी बघायची काच होती आणि पाणी कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा स्विच होता. तीन हजार टनांची मालगाडी असो की चार माणसांची मोटार, नियम एकच: पाणी किती आहे ते झाकण न उघडता डोळ्यांना दिसलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष काम. मी जे. सी. रोडवरून मारुती ८०० ची बाटली आणली. अर्ध्या तासाचं काम आहे, पण चार गोष्टी नीट पाहाव्या लागतात.

पहिली, झाकण. नुसती बाटली लावून उपयोग नाही. झाकणाला दोन सील हवेत. खालचं स्प्रिंगचं तर असतंच, पण वर गळ्याच्या तोंडावर बसणारं रबरही हवं. झाकणाच्या मधली छोटी झडप मोकळी हवी, कारण गाडी निवताना पाणी तिच्यातूनच परत येतं. झाकणाचा दाब कारखान्याने दिला असेल तोच ठेवा. जास्त दाबाचं झाकण घातलं तर चाळीस वर्षांचा रेडिएटर आधी फुटेल.

दुसरी, नळी. रेडिएटरच्या गळ्यापासून बाटलीच्या तळापर्यंत, दोन्ही टोकांना क्लिप लावून घट्ट. नळीचं टोक कायम पाण्यात बुडालेलं हवं. नाही तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते आणि सगळा खटाटोप वाया.

तिसरी, बाटलीला हवेचं भोक. बंद बाटली चालत नाही. जागा सायलेन्सरच्या पाइपापासून लांब. मी आधीच्याच बोल्टांवर पट्टी बसवली, पत्र्याला एकही नवीन भोक पाडलं नाही. उद्या कोणाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर दहा मिनिटांत काढता येईल. जुन्या वस्तूत सुधारणा करताना हे पथ्य पाळावं.

चौथी, भरणं. गाडी थंड असताना रेडिएटर काठोकाठ भरा, बाटली खालच्या खुणेपर्यंत. नळाचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कुलंट. त्यानंतर रोज फक्त बाटलीकडे बघायचं.

इथून पुढे बाटली बोलायला लागते. गरम असताना वर, गार झाल्यावर पुन्हा पहिल्या खुणेवर, म्हणजे तब्येत ठीक. पातळी आठवड्यागणिक उतरत गेली, तर कुठे तरी गळती आहे. इंजिन चालू असताना सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट तपासा. बाटली भरून वाहिली आणि गार झाल्यावरही पाणी परत गेलं नाही, तर झाकण किंवा नळी बघा. लक्षात घ्या, बाटली गाडी थंड करत नाही. रेडिएटर चोंदला असेल किंवा पंख्याचा पट्टा सैल असेल तर तो दोष दूर करावाच लागतो. बाटली फक्त खरं सांगते.

शेवटी दोन सूचना. गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. आणि घरात मुलं, गल्लीत कुत्री-मांजरं आहेत हे विसरू नका. बहुतेक कुलंटमध्ये असणारं ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. पूर्वी ते रस्त्यावर सांडत होतं, आता बाटलीत राहतं. हा फायदा गाडीचा नाही, शेजाऱ्यांचा आहे.

माझ्या गाडीला बाटली लावल्याला आता पाच महिने झाले. पातळी खुणेवर आहे. मिरजेला निघण्यापूर्वी होज पाइप आणि पंख्याचा पट्टा नवे घालणार आहे, कारण त्यांचं वय बाटलीला दिसत नाही. ज्यांच्याकडे जुनी फियाट किंवा ॲम्बॅसडर उभी आहे त्यांनी कार्यक्रमानंतर जरूर भेटावं. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, पाने माझे, चहा तुमचा.