चारचा पी-ई

मी कवी माणूस, बी.ए. झालो तेही मराठी घेऊन. शेअरबद्दल विचारायला माझ्याकडे कुणी येईल असं वाटलं नव्हतं. पण रोह्याहून आमचे दुल्हाभाई आले. धाटावच्या रसायन कारखान्यातून निवृत्त झालेले, फंडाची रक्कम हातात. व्याज नको, म्हणून शेअर घ्यायचे ठरवलेले, तेही एका रसायन कंपनीचेच. पेपरातल्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "पी-ई फक्त चार! याहून स्वस्त काय मिळणार?"

पी-ई म्हणजे शेअरच्या किमतीला एका शेअरमागच्या वर्षाच्या नफ्यानं भागायचं. किंमत १२० रुपये, नफा ३० रुपये, पी-ई चार. नफा असाच राहिला, तर चार वर्षांत कंपनी तुमच्या पैशाएवढं कमावील. गोम त्या 'तर'मध्ये आहे.

आमच्या पेणचंच बघा. हमरापूर, जोहे भागातला गणपतीचा कारखाना वर्षभर माती, रंग, मजुरीवर पैसा घालतो आणि विक्री होते भाद्रपदाच्या तोंडावर. श्रावणातला गल्ला बघून त्याची किंमत करणारा फसेल, पौषातला बघून करणाराही. म्हणून शेअरचा नफा चार तिमाह्या मिळून धरतात. रसायनांचा हंगाम मात्र वर्षात संपत नाही. भाव चढले की जो तो नवा कारखाना उभारतो. ते सगळे सुरू झाले की माल उदंड होतो आणि भाव कोसळतात. नागोठण्याची आयपीसीएल याच धंद्यातली. २००२ मध्ये सरकारनं तिचा २६ टक्के हिस्सा रिलायन्सला शेअरला २३१ रुपये भावानं विकला. घेणाऱ्यानं काही त्या एका वर्षाचा नफा बघून एवढे मोजले नसावेत.

बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्येच सांगून ठेवलंय की नफ्याची सात-दहा वर्षांची सरासरी बघा. मी दुल्हाभाईंच्या कंपनीचा दहा वर्षांचा नफा कागदावर मांडला. ३० रुपये फक्त शेवटच्या वर्षी. आधी कधी पाच, कधी बारा, एकदा तर तोटा. सरासरी आठ. म्हणजे चारचा पी-ई झाला पंधरा! तेजी ऐन भरात असते तेव्हाच असे शेअर तक्त्यात स्वस्त दिसतात.

दुल्हाभाईंनी ऐकलं, पण अर्धंच. अर्ध्या रकमेचे शेअर घेतलेच. दोन वर्षांनी नफा तीन रुपयांवर आला, शेअर ६० वर. तक्त्यात पी-ई वीस. घाबरून फोन केला, "महाग झालाय म्हणतात. विकून टाकू?"

मागून आपाचा आवाज आला, "१२० ला स्वस्त होता आणि ६० ला महाग, हा कुठला हिशेब?"

मी जुना कागद काढला. सरासरी अजून आठच्या आसपास होती. ६० भागिले आठ, साडेसात. पुढं काय होईल ते सरासरी सांगत नाही, हेही बजावलं. त्यांनी शेअर ठेवले. आपा मात्र महिन्यातून एकदा मला भाव विचारते, दुल्हाभाई घरात नसताना.