वसईच्या घंटा आणि आशा पुथलींची तबकडी



वसईत उभं राहून आवाजाविषयी बोलायचं, तर घंटांना टाळून चालत नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि इथल्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. एक नाशकात नारोशंकराच्या देवळावर, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मारिया आजही दिसते. देऊळ बदललं, पण घंटा कुठली हे तिच्या अंगावरच राहिलं. आज ज्या आवाजाविषयी बोलणार आहे, तो मुंबईहून गेला आणि परक्या गाभाऱ्यांत खूप वाजला. त्याच्या अंगावर मात्र नाव राहिलं नाही.

आशा पुथली. जन्म मुंबईचा, १९४५ चा. हिंदुस्तानी संगीताची तालीम, जोडीला ऑपेराचं शिक्षण, आणि मन जॅझमध्ये. लेखक वेद मेहतांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या १९७० च्या पुस्तकात या मुलीवर लिहिलं. पुढे न्यूयॉर्कला गेल्यावर त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिका-निर्माते जॉन हॅमंड यांच्या कानावर पडला. बिली हॉलिडे, अरीथा फ्रँकलिन, बॉब डिलन यांना पुढे आणणारे हेच गृहस्थ. तिथून त्या जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीत आल्या. ध्वनिमुद्रण १९७१ चं, आशाबाईंची गाणी दोन.

ती दोन गाणी जरूर ऐका. कोलमन यांच्या चाली कुठून कुठे उडी मारतील सांगता येत नाही, आणि स्वर पकडायला खाली पियानो नाही. भलेभले तिथे गडबडतील. पण तानपुऱ्यावर षड्ज धरून वाढलेल्या गळ्याला पियानो कशाला हवा? मींड घेत घेत त्या एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद उतरतात.

१९७३ ची पहिली तबकडी मी भरभर सोडून देतो. लंडनमध्ये डेल न्यूमन यांनी केलेली ती चांगलीच आहे, पण तिच्यात इतरांची गाणी बरीच. माझा विषय १९७६ ची ‘द डेव्हिल इज लूज’, सीबीएस कंपनीने युरोपात काढलेली, डीटर झिमरमान यांच्या निर्मितीची. तिच्यातलं गाणं सोलच्या वळणाचं. सोल म्हटलं की आपल्याला आठवतो तो चर्चमधून आलेला, छाती फोडून गायलेला आवाज. अरीथा घ्या. आशाबाई नेमक्या उलट्या वाटेने जातात. ‘स्पेस टॉक’ या गाण्यात त्या जवळजवळ कुजबुजतात. खाली बासगिटार एकच चाल धरून बसलेली, वर व्हायोलिनं, आणि मध्ये श्वासासकट येणारा आवाज. श्वास लपवायचा, हे आपल्याकडे गुरू पहिल्या वर्षीच बजावतात. इथे तो मुद्दाम ऐकवला आहे. तरीही सूर कुठे ढळत नाही. कुजबुजीत सुरात राहणं किती अवघड, हे इथे बसलेल्या गाणाऱ्यांना मी सांगायला नको.

सगळी तबकडी अशी नाही. काही ठिकाणी वाद्यमेळ इतका गोड होतो की दात शिवशिवतात. पण ‘स्पेस टॉक’ला निराळंच नशीब मिळालं. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कुसो नावाचे गृहस्थ १९७० पासून स्वतःच्या घरात नाचाच्या मैफली भरवत. नाव ‘द लॉफ्ट’, प्रवेश निमंत्रितांना, दारूविक्री नाही, ध्वनियंत्रणा मात्र अव्वल. तिथे हे गाणं वाजू लागलं आणि नाचणाऱ्यांनी ते आपलं मानलं.

मग आली सॅम्पलिंगची रीत. जुन्या तबकडीतला छोटा तुकडा उचलायचा, तो पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचा आणि त्यावर रॅप करायचं. नटोरियस बी.आय.जी. या रॅपरची मार्च १९९७ मध्ये हत्या झाली आणि सुमारे दोनच आठवड्यांनी त्याचा ‘लाइफ आफ्टर डेथ’ हा अल्बम बाजारात आला. त्यातल्या एका गाण्याचा पाया ‘स्पेस टॉक’चा आहे. लाखो लोकांनी तो ऐकला. हे मूळ कुणाचं, हे त्यातल्या किती जणांनी शोधलं असेल? आशाबाईंचं नाव होतं, पण श्रेयनामावलीतल्या बारीक अक्षरांत. कॅसेटच्या आतला तो कागद आपणही कधी उलगडून वाचला नाही, तेव्हा अमेरिकेतल्या पोरांना दोष देण्यात अर्थ नाही.

मला सॅम्पलिंगचा राग नाही. नाशिककरांनी घंटा वाजवली म्हणून तर ती आपल्याला आठवते. माझी तक्रार मुंबईकडे आहे. जॅझ आणि सोलच्या इतिहासात जागा मिळवलेली बाई या शहराची, आणि मराठी वाचकाला तिचं नाव कुणी सांगितलं नाही. तिने सिनेमात गायलं असतं तर पानं भरली असती.

आशाबाई २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पुन्हा गायल्या. सोबत सॅक्सोफोनवर ड्युई रेडमन होते, ‘सायन्स फिक्शन’मधले साथीदार. त्यानंतर लवकरच रेडमन गेले.

‘द डेव्हिल इज लूज’ ऐकायचीच असेल तर घरी ऐका, रात्रीची, चांगल्या स्पीकरवर. संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये कानात घालाल, तर बोरिवलीपर्यंत फक्त बासगिटार ऐकू येईल.