पाठीवरचें बिऱ्हाड

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला घर नाहीं, ठाव नाहीं, अशा माणसाविषयीं ती कांहींशा कींवेनें वापरली जाते. परंतु हेंच बिऱ्हाड आपखुषीनें पाठीवर घेणारीं तरुण जोडपीं आज जगांत थोडीं नाहींत. दोघांच्या दोन पिशव्या, मोजके कपडे, एक पंचा, औषधांची पुडी आणि बेताचे पैसे, एवढ्या सामग्रीवर तीं महिना दोन महिने देशोदेशीं हिंडतात. अशा जोडप्यांचें एक जुनें विसाव्याचें ठिकाण म्हणजे बलिद्वीपांतील कुटा हें गांव होय.

बलिद्वीप, अथवा बाली, हें इंडोनेशियांतील जावा बेटाच्या पूर्वेस लागूनच असलेलें बेट. तेथील बहुसंख्य लोक हिंदुधर्मीय आहेत. बेटाच्या दक्षिण भागांत भूमि जेथें अगदीं अरुंद होते, तेथें कुटा वसलें आहे. एके काळीं तें कोळ्यांचें साधें गांव होतें. किनारा पश्चिमाभिमुख असल्यामुळें सायंकाळीं सूर्य समुद्रांत बुडूं लागला म्हणजे सारी ओली वाळू तांबूस होऊन जाते. या शोभेसाठींच आज लोक लांबून येतात. बलिद्वीपवासीयांची श्रद्धा मात्र अशी कीं, देवांचें स्थान पर्वताकडे. तीन हजार मीटरांहून उंच असा आगुंग पर्वत त्यांना सर्वांत पवित्र. समुद्राची दिशा ही खालची. मृतांची रक्षा विसर्जन करावयाची ती समुद्रांत. त्यांनीं ज्या दिशेला पाठ दिली, तिकडेच पाहुण्यांनीं तोंड केलें, ही मौजेची गोष्ट खरी.

१९३६ सालीं बॉब कोक व लुईझ गॅरेट या अमेरिकन जोडप्यानें येथील वाळूवर गवती छपरांच्या झोंपड्या उभारून 'कुटा बीच हॉटेल' काढलें. लांकडी फळीवर उभें राहून लाटांवर स्वार होण्याचा हवाई बेटांतील खेळ बॉब कोकनें येथें आणला. पुढें महायुद्ध आलें, १९४२ मध्यें जपानी सैन्य बेटावर उतरलें, आणि तें हॉटेल नामशेष झालें. लुईझनें त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्या पुस्तकरूपानें निघाल्या त्या १९८७ सालीं.

त्यानंतरचें प्रसिद्ध जोडपें टोनी व मॉरीन व्हीलर यांचें. १९७२ सालीं एका जुन्या मोटारींतून त्यांनीं लंडन सोडलें. अफगाणिस्तानांत मोटार विकली आणि हिंदुस्थानांतून पुढें मजल दरमजल करीत तीं बलिद्वीपास पोंचलीं. तेथून एका शिडाच्या नौकेनें त्यांनीं ऑस्ट्रेलिया गांठला. सिडनीस पोंचलीं तेव्हां दोघांपाशीं मिळून अवघे सत्तावीस सेंट उरले होते. हा प्रवास केला तरी कसा, असें जो तो विचारूं लागला. त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून १९७३ सालीं त्यांनीं एक लहानसें पुस्तक काढलें, आणि त्यांतूनच पुढें प्रवासमार्गदर्शिकांची एक जगद्विख्यात संस्था निर्माण झाली. १९६९ पासून कुट्याशेजारच्या विमानतळावर परदेशचीं मोठीं विमानें उतरूं लागलीं होतींच. आतां वाट दाखविणारीं पुस्तकेंहि हातीं आलीं, आणि पाठीवर पिशवी घेतलेल्या तरुणांची रीघ लागली.

हे पाहुणे उतरत ते लोस्मेनमध्यें. लोस्मेन म्हणजे राहत्या घराचीच खानावळवजा धर्मशाळा. अंगणाभोंवतीं चार सहा खोल्या, प्रत्येकीपुढें हातभर ओसरी, सकाळीं चहा आणि केळीं. स्नानघरांत पाण्यानें भरलेला हौद व एक तांब्या. पाहुण्यानें हौदांत उतरावयाचें नसून तांब्यानें पाणी अंगावर घ्यावयाचें, हें पाश्चात्य मंडळींना शिकवावें लागे. आपल्याकडील माणसाला त्यांत नवें कांहींच नाहीं. घराच्या ईशान्य कोपऱ्यांत देवस्थान असे. रोज सकाळीं घरची स्त्री माडाच्या कोंवळ्या पानांची लहानशी परडी घेऊन, तींत फुलें व चार शितें घालून, उदबत्तीसह ती देवापुढें ठेवी. दुसरी परडी उंबऱ्यापाशीं जमिनीवर, वाटेंतच ठेवलेली असे. स्वस्तांत उतरलेल्या जोडप्याला हें सारें पैशावांचून पाहावयास मिळे, कारण तें हॉटेलांत नव्हे, एका कुटुंबांत उतरलेलें असे.

अशा प्रवासांत पतिपत्नींचीहि एक परीक्षा होते. घरीं रुसवा धरावयाचा तर दुसरी खोली असते. येथें ती नसते. उन्हानें डोकें तापलेलें, पट्ट्यांनीं खांदे सोललेले, आणि उतरावयाची जागा दोघांपैकीं एकाला पसंत नाहीं, अशा वेळीं स्वभाव उघडे पडतात. कोणती वस्तु मागें टाकावयाची, कोणाचें ओझें किती वेळ कोणी घ्यावयाचें, हें दोघांना बोलूनच ठरवावें लागतें. जें जोडपें हें हंसतमुखानें ठरवूं शकतें, त्याला संसाराचा एक मोठा धडा फुकट मिळतो.

परंतु काटकसर कोठें थांबवावी, हेंहि कळलें पाहिजे. तेथील चलन रुपिया. आंकडे हजारांचे व लाखांचे. दहा हजार रुपियांसाठीं घांसाघीस करतांना मोठी रक्कम वांचविल्यासारखें वाटतें. वस्तुतः ते आपल्याकडील साठ रुपयांच्या आंतलेच. पाहुण्याला ती रक्कम किरकोळ. वाळूवर फळें विकणारीला ती तशी नसते. गांवाचें पोट पाहुण्यांवर किती अवलंबून आहे, हें दोन संकटांनीं दाखवून दिलें. १२ ऑक्टोबर २००२ च्या रात्रीं कुट्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पाहुणे आटले, आणि ज्यांचा कांहीं अपराध नव्हता अशा घरांतील चुली थंडावल्या. पुढें २०२० सालीं महामारीनें दारें बंद झालीं, तेव्हां कित्येक कुटुंबें पुन्हां शेतीकडे व मासेमारीकडे वळलीं.

गर्दीचा भारहि लहान नाहीं. लोस्मेनांच्या जागीं उंच हॉटेलें आलीं, गल्ल्या दुचाकींनीं भरल्या. डिसेंबर ते मार्चच्या सुमारास पश्चिमेकडील वाऱ्यांबरोबर समुद्र प्लॅस्टिकचा ढीग वाळूवर आणून टाकतो. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया कर घेतला जातो, तो बेटाची संस्कृति व निसर्ग यांच्या रक्षणासाठीं. पाठीवर ओझें थोडें असलें म्हणजे पाहुण्याचा भार गांवाला होत नाहीं, असें नाहीं.

या साऱ्यावर बलिद्वीपवासीयांपाशीं स्वतःचा एक उपाय आहे. त्यांचा नववर्षदिन न्येपी नांवानें पाळला जातो. त्या दिवशीं चोवीस तास अग्नि पेटवावयाचा नाहीं, काम करावयाचें नाहीं, प्रवास नाहीं, करमणूक नाहीं. विमानतळ बंद, रस्ते ओस, समुद्रकांठ निर्मनुष्य. पाहुण्यांनाहि उतारा सोडतां येत नाहीं. त्यांची कालगणना शकाचीच असल्यामुळें हा दिवस कधीं कधीं गुढीपाडव्याशीं जुळतो. २०२३ सालीं २२ मार्चला महाराष्ट्रांत गुढ्या उभारल्या जात होत्या, तेव्हां बलिद्वीपांत न्येपी होती. दोन्हीकडे शके १९४५ चा आरंभ झाला.

त्या रात्रीं, जगभर धांवून आलेलें एखादें जोडपें अंधाऱ्या ओसरीवर बसून राहतें. पाहावयाचें स्थळ नाहीं, घ्यावयाची वस्तु नाहीं, गांठावयाची गाडी नाहीं. पिशव्या भिंतीशीं टेंकून ठेवलेल्या. बाहेर समुद्राचा आवाज, आणि वर, एरव्हीं दिव्यांच्या झगमगाटांत न दिसणारे, असंख्य तारे. घरची माणसें आंत निजलेलीं असतात. त्यांच्या शांततेला धक्का लागूं नये म्हणून तीं दोघेंहि हळूं आवाजांत बोलतात. खरा पाहुणा घरांत वागतो तो असाच.