प्रेरणा आणि पूर्वतयारी

(मंडळाच्या तेलगाव येथील वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



आपल्या मंडळातील सहा तरुण व दोन तरुणी यांनी तेलगावाहून कन्याकुमारीपर्यंत सायकलने जाण्याचा संकल्प केला आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. घरोघरी ह्या बेताची चर्चा चालू आहे. कोणी कौतुक करतात, तर कोणी भय बोलून दाखवतात. मुलांनी मात्र माझ्यापाशी निराळाच प्रश्न आणला. "गुरुजी, पहिल्या आठवड्याचा उत्साह आता ओसरू लागला आहे. पहाटे अंथरूण सोडवत नाही. प्रेरणा आणावी तरी कोठून?" ह्या प्रश्नाचे उत्तर मी आज आपल्या सर्वांसमक्ष देणार आहे, कारण ते जितके मुलांसाठी आहे तितकेच आई-वडिलांसाठीही आहे.

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट घेऊ. १९२० साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर एका फ्रेंच गृहस्थाचे व्याख्यान झाले. तो युरोपातून हिंदुस्थानापर्यंत पायी चालत आला होता. ते व्याख्यान ऐकून काही पारशी तरुणांच्या मनात जगप्रवासाची कल्पना रुजली. व्यायामाची गोडी असलेली ही मंडळी तेथील वजन उचलण्याच्या क्लबाचे सभासद होती. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया ही त्यांची नावे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी हे सहा जण सायकलींवरून जगाच्या प्रदक्षिणेस निघाले.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून दोन सालांकडे पाहा. व्याख्यान १९२० चे आणि प्रस्थान १९२३ चे. मध्ये तीन वर्षे गेली. व्याख्यानाने पेटलेली ठिणगी एका रात्रीत विझते, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. ती तीन वर्षे जपायची, तर तिला रोज काहीतरी सरपण घालावे लागते. ते सरपण म्हणजे पूर्वतयारी. प्रेरणा आधी आणि तयारी नंतर असा क्रम आपण समजतो. वस्तुतः रोजची तयारीच प्रेरणेला जिवंत ठेवते. ज्या दिवशी मन उठत नाही त्या दिवशीही पायाने पायडल मारावे. दहा किलोमीटर झाले की मन आपोआप मागून येते.

त्या सहांपैकी तिघे निरनिराळ्या कारणांनी मध्येच वेगळे झाले. हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परत आले. बगदाद ते अलेप्पो हे सुमारे साडेनऊशे किलोमीटरांचे वाळवंट त्यांनी तेवीस दिवसांत ओलांडले होते. एकूण प्रवास सुमारे ७१,००० किलोमीटरांचा झाला. हा आकडा ऐकून छाती दडपते. परंतु मी गणित शिकवणारा माणूस आहे, म्हणून भागाकार करून पाहिला. चार वर्षे पाच महिने म्हणजे सुमारे १,६१६ दिवस. रोजची सरासरी आली अवघी ४४ किलोमीटर! तेलगावाहून परळीस वैजनाथाच्या दर्शनाला जावे, साधारण एवढीच ती मजल. तात्पर्य, जगाची प्रदक्षिणा ही रोजच्या परळीची बेरीज आहे. पंढरीचा वारकरी तरी दुसरे काय करतो? तो एकदम पंढरपूर गाठू पाहत नाही. तो आजचा मुक्काम गाठतो.

आपल्या काळातही अशी उदाहरणे आहेत. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडण्याची शर्यत पाळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. दोघेही व्यवसायाने डॉक्टर. रुग्णसेवा सांभाळून त्यांनी सराव केला. "परीक्षा व नोकरी यांमुळे वेळ नाही" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता मुलींविषयी बोलतो, कारण खरा अडसर तेथेच आहे. दोन्ही मुलींच्या घरी अद्याप होकार मिळालेला नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत-बाहेर असताना, सुमारे २९,००० किलोमीटरांचा जगप्रवास १५९ दिवसांत केला. बहुतेक वाट तिने एकटीने काटली. स्पेनमध्ये चोरट्यांनी सुरा दाखवून लुबाडले, कॅनडात अस्वल मागे लागले, रशियात बर्फात रात्री काढाव्या लागल्या. ह्या धाडसामागे सुमारे दोन वर्षांची तयारी आणि आई-वडिलांचा पाठिंबा होता. आपल्या मुली तर एकट्या जाणार नाहीत. सोबत सहा भाऊ आहेत. शाळेला जाण्यासाठी शासनाने मुलींना सायकली दिल्या, तेव्हा आपण आनंदाने त्या घरी आणल्या. शाळेपर्यंत नेणारी सायकल पुढे नेऊ लागताच आपण तिला कुलूप लावावे, हे न्याय्य आहे काय?

भय निराधार आहे असे मी म्हणत नाही. आपल्या गावावरून चार दिशांना रस्ते जातात, साखर कारखाना जवळ आहे, आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. म्हणून मुलांना माझे सांगणे आहे की, अंधारात सायकल काढू नये, उजाडल्यावरच निघावे. मागे लाल दिवा, अंगात उठून दिसणारे कपडे आणि डोक्यावर शिरस्त्राण असावे. सुट्टीच्या दिवशी, वाहने कमी असताना, धारूरचा घाट चढावा. प्रथम रिकामी सायकल घेऊन आणि पुढे सामान लादून. पंक्चर काढणे, ब्रेकची तार बदलणे, साखळी जोडणे हे प्रत्येकास, मुलींसही, आले पाहिजे. सोबत गूळ-शेंगदाणे व पुरेसे पाणी ठेवावे. रोज किती अंतर झाले ते वहीत लिहावे. उत्साह ओसरेल त्या दिवशी ती वही उघडावी. तिच्याइतकी प्रेरणा कोणत्याही व्याख्यानात नाही, ह्या व्याख्यानातही नाही.

मंडळाकडे मी पैसा मागत नाही. विद्यार्थी साहाय्य निधी विद्यार्थ्यांसाठीच राहो. केज, बार्शी, सोलापूर येथे आपल्या ज्ञातीची घरे आहेत. तेथे ह्या मुलांस एक रात्रीचा आसरा आणि गरम भाकरी मिळावी, एवढीच विनंती. सोलापूरच्या पुढे मात्र आपली घरे नाहीत, आपली भाषाही नाही. तेथे ज्याच्या ओट्यावर ती निजतील, ज्याच्या घागरीचे पाणी पितील, त्याची ज्ञात त्यांस ठाऊक नसेल, आणि ती विचारण्याचे कारणही पडणार नाही. मुंबईच्या पारशी तरुणांना वाट दाखवली ती एका फ्रेंच पांथस्थाने. आपल्या मुलांना आज ती दाखवीत आहेत ते पारशी तरुण. प्रेरणेला ज्ञात नसते, हे ज्ञातिसंमेलनाच्या व्यासपीठावरून सांगताना मला संकोच वाटत नाही. ज्ञातीने पहिल्या तीन मुक्कामांची सोय करावी आणि पुढे मुलांना जगाच्या स्वाधीन करावे, हाच अशा मंडळाचा उत्तम उपयोग होय.

त्या दोन्ही मुलींचे वडील ह्या सभेत उपस्थित आहेत. त्यांनी आज घरी गेल्यावर मुलीची वही मागून घ्यावी, आजवर किती किलोमीटर झाले ते स्वतः वाचावे, आणि मगच आपला निर्णय सांगावा, अशी त्यांना माझी हात जोडून प्रार्थना आहे.