रुळावर का झोपतात?

(चिकलठाणा इथं युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला विषय दिलाय 'बेघर आणि गरिबी'. हा विषय शिकायला लांब जायला नको. इथून जालन्याकडे जाणारा रूळ धरा अन् करमाडच्या पुढं चाला. ८ मे २०२० ची पहाट. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात राबणारे वीस जण रात्रभर रुळानं चालत आलेले. पाय सुजले, तिथंच आडवे झाले. सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा जण मेले. रुळावर भाकऱ्या पसरल्या होत्या. त्याचे फोटो सगळ्यांनी बघितले.

त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या पांढरपेशांनी एकच प्रश्न केला. रुळावर का झोपले? रूळ काय झोपायची जागा आहे? आठवड्यानं सुप्रीम कोर्टातही न्यायमूर्ती म्हणाले, लोक रुळावरच झोपले तर कोण कसं अडवणार? प्रश्न बरोबर आहे. फक्त तो शेवटापासून न विचारता मुळापासून विचारायचा.

रुळानं का गेले? सडकेवर पोलीस होते. परवान्यासाठी आठवडाभर आधी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. जालना का सोडलं? काम बंद, म्हणून मजुरी बंद, म्हणून भाकर बंद. मग घरी का नव्हते? घर होतं ना! मध्य प्रदेशात, शहडोल-उमरियाच्या आदिवासी पट्ट्यात. तिथं घर होतं, पण काम नव्हतं. जालन्यात काम होतं, पण घर नव्हतं. ज्या माणसाचं घर एकीकडं अन् पोट दुसरीकडं, तो मधल्या रस्त्यावर कुठंतरी झोपणारच. त्या रात्री मधला रस्ता म्हणजे रूळ होता.

सरकारच्या हिशेबात हे सोळा जण बेघर नव्हते. २०११ च्या जनगणनेत उघड्यावर, फुटपाथवर, पाइपात, पुलाखाली, जिन्यात, देवळात, फलाटावर झोपणारे मोजले. एका रात्रीत मोजले, २८ फेब्रुवारीला. देशात १७ लाख ७३ हजार निघाले, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांवर. एका रात्रीत किती सापडले असतील ते तुम्हीच ठरवा. कारखान्यातच झोपणारा, बांधकामावर सिमेंटच्या गोण्यांआड झोपणारा, उसाच्या फडात कोपी घालणारा, हे सगळे त्या आकड्याच्या बाहेर.

आता खाली उतरू. माणूस गाव का सोडतो? पुस्तकात लिहितात: दुष्काळ, बेकारी, लोकसंख्या. दुष्काळ सगळ्या गावावर पडतो हो. पण गाव सगळं उठत नाही. १९७२ च्या दुष्काळात विहीर पाटलाचीही आटली. पण पाटलाकडं जमीन होती. जमीन गहाण पडते, तिच्यावर सोसायटी कर्ज देते, पाऊस आला की ती परत पिकते. गावकुसाबाहेरच्या माणसाकडं गहाण टाकायला काय होतं? दोन हात. ते घेऊन तो खडी फोडायला गेला, नाहीतर मुंबईला गेला. दुष्काळ आभाळातून येतो, पण त्यात कोण उठणार हे सातबारावर आधीच लिहिलेलं असतं. अन् सातबारा कुणाच्या नावावर, हे जातीनं ठरवलेलं असतं.

म्हणून दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला अन् पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, हजारोंनी तुरुंग भरले. घराची मागणी जमिनीपासून सुरू होते, हे त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायाबापड्यांना कळलं होतं. आपण शिकलेले मात्र फ्लॅटच्या जाहिराती वाचतो.

मराठवाड्यात आणखी एक कारण आहे, ते कुठल्याच सरकारी अहवालात 'बेघर होण्याची कारणे' या मथळ्याखाली येत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला अन् गावोगाव आपल्या वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंना मारलं. हजारो माणसं उघड्यावर आली. नाव हे निमित्त होतं. राग होता तो गायरान कसणाऱ्यावर, येसकरकी नाकारणाऱ्यावर, मिलिंदमध्ये पोरगं शिकायला घालणाऱ्यावर. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षांत किती घरं परत उभी राहिली अन् किती माणसं शहराच्या कडेला पत्र्याखाली आली ती आलीच? गरिबाला निदान परत जायला गाव असतं म्हणतात. ज्याचं गावातलं घर गावानंच जाळलं, त्यानं कुठं परत जायचं?

बरं, शहरात आला. शहर काय करतं? मी गोदीत काम करतो. गोदीबाहेरचा रस्ता पी. डिमेलोच्या नावाचा, गोदी कामगारांच्या पुढाऱ्याच्या नावाचा. रात्री त्याच रस्त्याच्या फुटपाथवर हमाल झोपलेले असतात. पुढाऱ्याला पाटी अन् कामगाराला फरशी.

अन् फुटपाथ फुकट असतो हा भ्रमही काढून टाका. मुंबई महापालिकेविरुद्ध ऑल्गा टेलिस हा खटला सुप्रीम कोर्टात चालला. जुलै १९८१ मध्ये अंतुले सरकारनं भर पावसात फुटपाथवाल्यांना बसमध्ये कोंबून हाकलायचं ठरवलं, त्यातून हा खटला. त्यातला एक अर्जदार तामिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळानं काम गेलं म्हणून १९६१ ला मुंबईत आला. कारखान्यात रोज २३ रुपये मिळायचे. हायवेच्या कडेला प्लास्टिक अन् ताडपत्रीच्या आडोशासाठी दादानं त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले. भागाकार करा. एकशे आठ दिवसांची मजुरी, एका ताडपत्रीला! हा माणूस आळशी होता? भिकारी होता? कारखान्यात काम करत होता. मजुरीत भाकर बसत होती, घर बसत नव्हतं. गरिबी अन् बेघरपणाचं नातं एवढंच आहे: मालक हाताचं भाडं देतो, त्या हाताच्या झोपेचं भाडं देत नाही.

१० जुलै १९८५ ला कोर्ट म्हणालं, जगण्याच्या हक्कात पोट भरायचा हक्क येतो. आपण टाळ्या वाजवल्या. त्याच निकालात पुढं म्हटलं, रीतसर नोटीस देऊन, पावसाळा संपल्यावर उठवता येईल. म्हणजे हक्क आहे, जागा नाही.

आता या चिकलठाण्याकडं बघा. एमआयडीसी आहे, विमानतळ आहे. यंत्राला शेड आहे, मालाला गोदाम आहे, विमानाला धावपट्टी आहे. यंत्र चालवणारा, माल उचलणारा, धावपट्टी झाडणारा कुठं झोपतो? दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण, पाळीपाळीनं. इंग्रजाच्या काळात निदान गिरणी कामगारांसाठी बीडीडी चाळी उठल्या. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात लिहिलं होतं, ठेकेदारानं राहायची योग्य जागा दिली पाहिजे. कायदा कागदावर झोपला अन् माणूस रुळावर. शहराचं नावही २०२३ ला बदललं, पाट्या बदलल्या. उघड्यावरच्या माणसाला जुन्या नावानंही पत्ता नव्हता, नव्यानंही नाही. अन् पत्ता नाही म्हणून रेशन नाही, मतदार यादी नाही, घरकुलाचा अर्ज नाही. घर नाही म्हणून कागद नाही, कागद नाही म्हणून घर नाही. या घाण्यात आपला बाप फिरला, आपण फिरतोय.

मग करायचं काय? रडगाणं गायला मी आलो नाही.

एक. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये सांगितलंय, शहरात लाखामागं एक निवारा, चोवीस तास उघडा. आपल्या शहरात किती हवेत याचं गणित करा, किती आहेत ते पायी फिरून मोजा, अन् यादी घेऊन महापालिकेत जा. रात्री अकरानंतर मोजा, दिवसा बेघर दिसत नाही, तो कामावर असतो.

दोन. ठेकेदाराकडं मजुरी मागताना राहायची जागा मागा. युनियनच्या मागणीपत्रात भाकरीच्या खाली छप्पर लिहा.

तीन. गावाकडं जे गायरान कसतायत त्यांच्यामागं उभे राहा. त्यांचं गायरान गेलं की पुढच्या वर्षी ते इथं, आपल्याशेजारी, फुटपाथवर असतील.

निवारा म्हणजे दान नाही. ज्यानं हे शहर बांधलं त्याचा त्यात हिस्सा आहे, अन् हिस्सा मागताना मान खाली घालायची नसते. पुन्हा कुणी विचारलं, रुळावर का झोपतात, तर त्याला आधी विचारा: बाकीची जमीन कुणाकडं आहे?

जय भीम.